बरडावरच्या जागा

"हा उत्तम रंगराव नावाचा कोतवाल कोण आहे? या माणसाला आधी माझ्यासमोर आणून उभा करा," मी म्हणालो. "फायलीत बावीस वर्षांचे अहवाल आहेत, आणि सगळ्यांत याचा एकच शब्द. निरंक, निरंक, निरंक. तुमचा गळा यानेच कापलाय."

ज्ञानेश्वर मान खाली घालून स्वतःच्या चपलांकडे बघू लागला. तो बोरदेवचा माजी ग्रामपंचायत सदस्य. एरवी एकदा बोलायला लागला की थांबवावा लागतो. त्याच्यामागे दाराजवळच्या बाकावर, अगदी टोकाला, साठीला आलेला एक माणूस मघापासून बसला होता. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, मांडीवर टोपी. मी चहाचं विचारलं तेव्हा त्याने नुसतीच मान हलवली होती. आता तो उठून उभा राहिला.

"मीच तो, साहेब," तो म्हणाला.

बुलढाण्यात वकिली करायला लागून मला एकतीस वर्षं झाली. माझ्या जिभेला हाड नाही असं माझी बायको म्हणते, आणि दोन-तीन न्यायाधीशांनीही ते जरा सभ्य शब्दांत मला सांगितलेलं आहे. त्या दिवशी मला ते पहिल्यांदा पटलं. मी त्यांना बसा म्हणालो. ते बसले नाहीत.

प्रकरण साधं होतं. जानेफळच्या पलीकडे पाच-सहा किलोमीटरवर बोरदेव हे गाव. गावाची खालची वस्ती नदीच्या वळणात, एक्केचाळीस घरं, सगळी मातीची. घरकुलं मंजूर झालेली होती, पण ती त्याच वळणात बांधायची म्हणजे पुन्हा पाण्यातच. गावाच्या वरच्या अंगाला बरड होतं. बरड म्हणजे मुरमाड उंचवटा, जिथे गवतसुद्धा उपकार केल्यासारखं उगवतं. जमीन सरकारी, पडीक, कागदावर ई-क्लास. ती गावठाणात घ्या आणि आम्हाला तिथे घरं बांधू द्या, अशी गावाची मागणी. तालुक्याच्या कचेरीने ती नामंजूर केली होती आणि कारण दिलं होतं एका ओळीत: कोतवालांच्या अहवालांनुसार सदर वस्ती पूरबाधित नाही, सबब गावठाण वाढीची निकड दिसून येत नाही. त्यावर अपील करायला हे दोघे माझ्याकडे आले होते.

"उत्तमराव, तुमच्याकडे पूर येतो की नाही?" मी विचारलं.

"येते न, साहेब. दोन वर्साआड येते. कधी लागोपाठ येते."

"मग निरंक का लिहून दिलंत?"

त्यांनी थोडा विचार केला. उत्तर आठवत नसल्यासारखा नव्हे, प्रश्नच कळला नसल्यासारखा.

"मी लेहत नाही, साहेब. तलाठीसाहेबाचा फोन येते. काही झालं का, म्हनतेत. मी म्हनतो, काही नाही झालं. मंग निरंक लेहू का, म्हनतेत. मी म्हनतो, लेहा."

"आणि खरंच काही झालेलं नसतं?"

"नाही न. सारे असतेत. एकशे नव्वद मानसं, ढोरं येगळी. मी मोजून घेतो. एकबी कमी नसते."

"अहो, पण घरं?"

"घराच्या भिती तं पडतेतच. मातीच्या हायेत."

"धान्य?"

"भिजते."

"भांडीकुंडी?"

"वाहून जाते एखांदं. खालच्या गावात सापडते बी."

मी ज्ञानेश्वरकडे पाहिलं. तो अजून चपलांतच होता. मी उत्तमरावांना समजावून सांगितलं की याला सरकारदरबारी नुकसान म्हणतात, भिंत पडली की पंचनामा होतो, आणि पंचनामा झाला की पूर आला असं कागदावर येतं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"आमच्याकडं नुकसान म्हंजे मानूस गेला तं," ते म्हणाले. "बाजूच्या गावाहून तसा निरोप जाये. आमच्या गावातून कधीच नाही गेला. मले त्याचं बरं वाटे, साहेब."

नंतर ते पाणी प्यायला बाहेर गेले तेव्हा ज्ञानेश्वरने मला उरलेलं सांगितलं. नामंजुरीच्या हुकमाचं पाकीट तालुक्याहून उत्तमरावांनीच आणलं होतं. गावात येणारा प्रत्येक सरकारी कागद चौतीस वर्षं त्यांच्याच हातून येत होता. त्यांनी ते ग्रामसेवकाकडे दिलं आणि ग्रामसभेत सगळ्यांसमोर ते वाचलं गेलं. 'कोतवालांच्या अहवालांनुसार' हे शब्द आले तेव्हा ते दाराशी उभे होते.

"कोनी काही बोललं नाही, वकीलसाहेब," ज्ञानेश्वर म्हणाला. "आमची रुखमाबाई हाय न, सत्त्याहत्तर वर्साची, त्याईच्या शेजारची. तिनं त्या दिवशीबी भाजीची वाटी धाडली, रोज धाडते तशी. पन तो मानूस तवापासून पारावर येऊन बसत नाही. शिव्या देल्या असत्या तं बरं झालं असतं."

अपिलासाठी एकच रस्ता होता. ज्या माणसाच्या शब्दावर नामंजुरी झाली, त्यानेच शपथेवर सांगायचं की तो शब्द चुकीचा होता. पण त्यात एक गोम होती, आणि ती उघड करून सांगणं माझं काम होतं. मी त्यांना समोर बसवलं, या खेपेला बसायला लावलंच.

"नोकरी किती राहिली?"

"चार मयने."

"हे शपथपत्र दिलंत तर बावीस वर्षं खोटे अहवाल दिले म्हणून तुमच्यावर येऊ शकतं. चौकशी लागू शकते. जाता जाता डाग लागेल."

"खोटे नव्हते, साहेब."

"बरं, मग चुकीचे."

ते माझ्या टेबलावरच्या काचेकडे बघू लागले. कोर्टाच्या आवारातली पिंपळाची पानं वाजत होती आणि शेजारचा टंकलेखक कुणाचं तरी भाडेपत्र बडवत होता. या माणसाकडे आयुष्यभराची एकच कमाई होती, की आपल्या गावात काही झालं नाही. ती मी त्यांच्याच सहीने पुसायला निघालो होतो. मला स्वतःचा राग आला, पण कायद्यात त्याला जागा नसते.

"चुकीचे लेहा," ते म्हणाले.

अपील ऐकायला ज्या अधिकारी बाई होत्या, त्यांना सगळे मॅडमच म्हणत. चष्मा कपाळावर चढवून कागद वाचायची त्यांना सवय. माणूस नवा, तरुण आणि कडक. मी तासभर बोलायच्या तयारीने गेलो होतो. तीन निवाडे शोधले होते, दोन परिपत्रकं जोडली होती. मॅडमनी मला सातव्या मिनिटाला थांबवलं आणि उत्तमरावांना पुढे बोलावलं.

"काका, तुमचे अहवाल म्हणतात पूर आला नाही. तुमचं शपथपत्र म्हणतं पूर येतो. यातलं खरं काय?"

"दोन्ही खरं हाय, मॅडम."

मी डोळे मिटले. वकिलाच्या आयुष्यात असे क्षण येतात तेव्हा डोळे मिटणं हाच एक उपाय असतो.

"ते कसं?"

"पूर येते. पन पानी नाल्याच्या पुलाले लागलं का मी घरोघर जातो, साऱ्याईले उठवतो. सारे बरडावर जाऊन बसतेत. पानी उतरलं का खाली येतेत. मंग काय होईन?"

मॅडमनी चष्मा खाली घेतला. "बरड म्हणजे हीच जमीन? अपिलात मागितलेली?"

"हाव."

"तिथे ना झाड, ना आडोसा. पावसात एवढी माणसं बसतात कुठे?"

"आपापल्या जागी."

"आपापल्या म्हणजे?"

उत्तमरावांनी माझ्याकडे पाहिलं, मी काही मदत करतो का म्हणून. मला काय ठाऊक? मी हे पहिल्यांदाच ऐकत होतो. दोन महिने प्रकरण माझ्याकडे होतं, मी त्या लोकांना उत्पन्नाचे दाखले विचारले, आधार कार्डं विचारली, पण पूर आला की तुम्ही कुठे बसता, एवढं विचारायचं मला सुचलं नव्हतं.

"ज्याची त्याची जागा हाय न, मॅडम," उत्तमराव म्हणाले. "घराची असते तशी."

मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या आठवड्यात स्थळपाहणीची तारीख दिली. बाहेर पडल्यावर मी उत्तमरावांना म्हणालो, हे आधी का नाही सांगितलंत? ते म्हणाले, "तुमी इचारलंच नाही, साहेब."

पाहणीच्या आदल्या दिवशी मी बोरदेवला जाऊन आलो. माझा स्वभाव कागदाचा. माणसांवर माझा फारसा विश्वास नाही, विशेषतः पक्षकारांवर. आयत्या वेळी ती भलतंच बोलतात. म्हणून मी सगळ्यांना मारुतीच्या पारासमोर गोळा केलं आणि पढवलं. नवी लुगडी नेसून येऊ नका. मोबाइल हातात धरू नका. मॅडमनी विचारल्याशिवाय बोलू नका, आणि विचारलं तर पाण्याचं सांगा, बाकी रडगाणं नको. माणसं माना हलवत होती. रुखमाबाई सगळ्यांत पुढे बसली होती. कान तेवढे ठीक, बाकी शरीर काटकीचं. माझं झाल्यावर ती म्हणाली, "वकीलभाऊ, तुमी जेवून जा." माझ्या भाषणाचा एवढाच परिणाम झाला.

दुसऱ्या दिवशी अकराला मॅडमची गाडी आली. सोबत एक भूमापक आणि एक लिपिक. उन्हं चांगलीच तापलेली होती. आम्ही बरडावर चढलो. वरून खालची वस्ती, नदीचं वळण, काठावरच्या कपाशीच्या पऱ्हाट्या, सगळं दिसत होतं. बरडावर मात्र खरोखर काहीच नव्हतं. मुरूम, इकडे तिकडे पडलेले काळपट दगड, एका कडेला दोन मोठे खडक. इथे काय दाखवायचं मॅडमना?

खालच्या वस्तीतली सगळी माणसं आली होती, आणि माझी एकही सूचना कुणी पाळली नव्हती. बायका धुवट लुगडी, साड्या नेसून आल्या होत्या. सरकारी माणूस आपल्या बरडावर येणार म्हणून पोरांच्या भांगांना तेल लागलेलं होतं. सगळे एका बाजूला घोळका करून उभे राहिले.

"उत्तमराव," मॅडम म्हणाल्या, "यांना सांगा, पाणी आल्यावर जिथे बसता तिथे जाऊन उभे राहा."

उत्तमरावांनी हात वर केला. ओरडले नाहीत. साध्या आवाजात म्हणाले, "चला, आपापल्या जागी."

पहिल्यांदा रुखमाबाई निघाली. काठी टेकत, इकडेतिकडे न बघता, ती सरळ चालत गेली आणि एका ठिकाणी थांबली. मग तिच्या मागून दुसरं कुटुंब, तिसरं. कुणी कुणाला विचारत नव्हतं. कुणी पावलं मोजत नव्हतं, खुणा शोधत नव्हतं. एक तरुण सून कडेवरचं मूल सावरत घोळक्यातून निघाली, दोन कुटुंबांच्या मधून वळली आणि तिसऱ्या ठिकाणी जाऊन उभी राहिली. जसजशी माणसं जागेवर पोचत होती तसतसं माझ्या डोळ्यांसमोर काहीतरी तयार होत होतं, आणि ते काय आहे हे मला जरा उशिराच कळलं. ते गाव होतं. मधून एक रस्ता होता, बैलगाडी जाईल एवढा रुंद, आणि त्यात कुणीही उभं नव्हतं. रस्त्याला दोन बोळ फुटले होते. मध्यभागी मोकळी जागा सोडलेली होती. खाली ज्याचा जो शेजारी, तोच इथे त्याचा शेजारी होता. भिंत नाही, छप्पर नाही, दार नाही, आणि तरी माणसं आपापल्या घरात उभी होती.

मी आयुष्यात शेकडो नकाशे पाहिलेत, मोजणीचे, वाटणीचे, खरे आणि खोटेही. असा नकाशा मी कधी पाहिला नव्हता. भूमापकाच्या हातातलं यंत्र तसंच राहिलं होतं. तो पोरगेला माणूस हळूच म्हणाला, "सर, हा लेआउट आहे."

मॅडम मात्र माझ्याकडे वळल्या. "तालीम छान करून घेतलीत, वकीलसाहेब."

मी तालीम घेतली होतीच, पण नेमकी याची नव्हती. हे त्यांना कसं पटवून द्यावं हे मला कळेना. तोवर मॅडम त्या तरुण सुनेजवळ गेल्या होत्या. तिचं नाव करिष्मा, लग्नाला दीड वर्ष झालेलं.

"तुला ही जागा कुणी दाखवली?"

"सासूनं. लगन झालं, त्याच्या पाचव्या दिवशी इथी आनलं. या दगडाले हळद-कुंकू लावाले लावलं. म्हने, पानी आलं का मले हाक मारू नको, नवऱ्याची वाट पाहू नको, लेकरू उचल अन् इथी येऊन बस."

"आणि सासूला कुणी दाखवली?"

"तिच्या सासूनं."

मॅडमनी तिच्या पायाजवळ पाहिलं. मग मीही पाहिलं. काळपट दगड इकडे तिकडे पडलेत असं मला वाटलं होतं, ते पडलेले नव्हते. तीन-तीन होते. चुलीचे. प्रत्येक कुटुंबाच्या पायाशी तीन दगड.

"एक उचला," मॅडम म्हणाल्या.

भूमापकाने दगड उचलला आणि पहारीने खाली टोकरलं. वर मुरूम होता, त्याखाली राख. राखेखाली जळकी माती आणि पुन्हा राख. वीतभर खोल गेला तरी संपेना. मॅडमनी आणखी दोन जागा स्वतः निवडल्या, एक अगदी टोकाची. तिथेही तेच. मग त्यांनी मधल्या रस्त्यावर खणायला लावलं. तिथे फक्त मुरूम निघाला, पिवळा, स्वच्छ. इतक्या वर्षांत त्या रस्त्यावर कुणी चूलसुद्धा मांडली नव्हती.

मॅडम त्या छोट्या खड्ड्याजवळ उकिडव्या बसल्या. उठल्या तेव्हा आवाज वेगळा होता. "ही जागा रिकामी का?" त्यांनी दोन कुटुंबांच्या मधल्या जागेकडे बोट दाखवलं.

"ते देवानंदचं हाय," रुखमाबाई म्हणाली. "पुन्याले गेला कामाले. पन जागा त्याची हाय. आम्ही तिथी गाठोडंबी ठेवत नाही."

"आणि ते दोन खडक?"

"बाळंतपनाची जागा," ती म्हणाली. "हा ज्ञानेश्वर तिथीच झाला. पाऊस काय म्हनत होता त्या दिवशी, बाप्पा. चार जनींनं लुगडं धरलं व्हतं वरून."

ज्ञानेश्वर त्याच्या वयाला न शोभेल असा लाजला.

लिपिकाने यादी काढून मोजणी केली. देवानंदची धरून चाळीस जागा भरल्या. यादीत नावं एक्केचाळीस.

"एक कमी आहे," मॅडम म्हणाल्या.

"तो मी," उत्तमराव म्हणाले. ते अजून आमच्याजवळच उभे होते, हातात टोपी घेऊन.

"तुमची जागा कोणती?"

"मी इथी नसतो, मॅडम. साऱ्याईले वर धाडून मी खालीच राहतो. एखांदा कोनी मागं फिरते, ढोर सोडाले नाही तं काही आनाले. पानी उतरेस्तोवर खालीच असतो मी, देवळाच्या ओट्यावर."

"आणि घरचे?"

"बायको येऊन बसे. तिले जाऊन तीन वर्सं झाली. पोरगी सासरी हाय."

मॅडमनी लिपिकाला चाळीस लिहायला सांगितलं. गाडीत बसताना त्या थांबल्या आणि उत्तमरावांना म्हणाल्या, "तुमचं ते दोन्ही खरं आहे, ते मला आता समजलं." त्यांनी नमस्कार केला. अधिकाऱ्याने कोतवालाला आधी नमस्कार केल्याचं मी त्याच दिवशी पाहिलं.

निकाल पंचवीस दिवसांनी लागला. अपील मंजूर. मी हुकूम माझ्या खोलीत उभ्यानेच वाचला. त्यात लिहिलं होतं की सदर बरडावर किमान चार पिढ्यांपासून वस्तीची रचना अस्तित्वात आहे, केवळ घरे बांधणे बाकी आहे. पुढे लिहिलं होतं की कोतवालांचे निरंक अहवाल हे पूर न आल्याचा पुरावा नसून पूर येऊनही जीवितहानी न झाल्याचा पुरावा आहेत. माझ्या तीन निवाड्यांचा उल्लेख कुठेही नव्हता. मी निरंक अहवालांचं ते वाक्य पुन्हा वाचलं, आणि नाक शिंकरायच्या निमित्ताने खिडकीकडे गेलो. आतापर्यंत जिंकलेल्या कुठल्याही प्रकरणात मला असं झालं नव्हतं.

शेवटच्या परिच्छेदात एक ओळ होती. नुकसानीची माहिती नियमानुसार न कळवल्याबद्दल संबंधित कोतवालांना लेखी समज देण्यात यावी. मला ते लागलं. मी फोनवर उत्तमरावांना ही ओळ शेवटी, जरा घाईने वाचून दाखवली.

"बराबर हाय," ते म्हणाले. "भिती पडल्या व्हत्या."

ते समजपत्र आलं तेव्हा त्यांच्या निवृत्तीला नऊ दिवस राहिले होते. गावातले सगळे कागद बजावायचं काम कोतवालाचं, म्हणून तालुक्याहून ते पाकीट उत्तमरावांनीच आणलं. घेणाऱ्याच्या जागी त्यांनी सही केली आणि बजावणाऱ्याच्या जागीही सही केली, आणि पोच परत नेऊन दिली. ज्ञानेश्वरने मला हे हसत सांगायला सुरुवात केली आणि मध्येच त्याचं हसू थांबलं. त्या संध्याकाळी, तो म्हणाला, दहा-बारा माणसं उत्तमरावांच्या घरी गेली आणि त्यांना हाताला धरून पारावर घेऊन आली.

जागा आखायच्या दिवशी मला आग्रहाचं बोलावणं होतं. मी एरवी निकालानंतर पक्षकाराच्या गावी जात नाही, पण गेलो. तोच भूमापक होता. त्याने ठरवलं होतं, दगड आहेत तिथे घरं, मोकळं आहे तिथे रस्ता. कुठे हातभर इकडे, हातभर तिकडे करून त्याने चौकोन बसवले होते आणि मजूर चुन्याची फक्की टाकत रेघा ओढत होते. एकेका चौकोनात एकेक कुटुंब जाऊन उभं राहत होतं. कुणी नारळ फोडत होतं, कुणी नुसतंच उभं होतं. दुपारपर्यंत देवानंदची धरून चाळीस झाल्या. यादीतली एक्केचाळिसावी तेवढी उरली.

"उत्तमराव, तुमची दाखवा," भूमापक म्हणाला.

उत्तमरावांनी बरडावरून नजर फिरवली. चौतीस वर्षं त्यांनी सगळ्यांना इथे धाडलं होतं. कोण कुठे बसतं हे त्यांना पाठ होतं, पण ते लहानपणी पाहिलेलं आणि पुढे नुसतं ऐकलेलं. खाली त्यांचं घर रुखमाबाईच्या शेजारी, म्हणून ते रुखमाबाईच्या चौकोनाशेजारच्या मोकळ्या जागेकडे गेले. तिथे दगड नव्हते. ते तिथे थांबले आणि आमच्याकडे वळले. तो नामंजुरीचा कागद वाचला गेला तेव्हा त्यांचा चेहरा असाच झाला असावा, असं मला वाटलं. सगळ्या गावाची जागा ज्याला माहीत, त्याला स्वतःची माहीत नव्हती.

"तिथी नाही, उत्तमभाऊ," रुखमाबाई म्हणाली. "चाला माह्यासंगं."

ती पुढे, ते मागे. ती त्यांना सगळी घरं ओलांडून पार कडेला घेऊन गेली, जिथे बरड संपतं आणि उतार सुरू होतो. मीही मागोमाग गेलो. तिथे एकटेच तीन दगड होते. शेजार नाही, आडोसा नाही, वारा असा की रुखमाबाईचा पदर हातात धरावा लागत होता.

"तुमची मंजुळा पयले माह्याजवळच बसे," ती म्हणाली. "तुमची जागा तिथीच व्हती, तुमच्या मायपासून. लगन होऊन आली त्याच साली तिनं दगड उचलले अन् इथी आनून मांडले. म्या म्हनलं, काऊन वं, इथी तं पाऊस सरका तोंडावर येते. तं म्हने, तिथून मले देवळाचा ओटा दिसत नाही."

उत्तमरावांनी खाली पाहिलं. तिथून खालची सगळी वस्ती दिसत होती, आणि वस्तीच्या टोकाला, नदीच्या अंगाला, देवळाचा ओटा स्पष्ट दिसत होता.

"ओट्यावर मानूस हालताना दिसला का मंग चूल पेटवे," रुखमाबाई म्हणाली. "तवर नाही."

भूमापक मागून आला. त्याने दोरी लावून पाहिली. "काका, इथे वारा फार आहे," तो म्हणाला. "रांगेतही बसत नाही. चार मीटर मागे घेऊ? काही फरक पडणार नाही."

"इथीच राहू द्या," उत्तमराव म्हणाले.

मग ते त्या दगडांजवळ खाली बसले, नदीकडे तोंड करून. मजुराने फक्कीचं घमेलं उचललं आणि काय करावं म्हणून भूमापकाकडे पाहिलं. भूमापकाने मानेने खूण केली. मजूर त्यांच्या भोवतीने पांढरी रेघ ओढत गेला, एक बाजू, दुसरी, तिसरी. चौथी पुरी झाली तरी ते उठले नाहीत.